शिफारस कोणाची घ्यावी?

आमच्या शाळेच्या कार्यालयात वर्षभर दाखल्यांची ये-जा चालू असते. शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला. वसतिगृहात पहिल्यांदा पाऊल टाकणारे मूल एका हातात पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात कागदांची पिशवी घेऊन येते. या कागदांचे मोल आम्ही जाणतो. एकेका दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविलेल्या आईबापांची ही शाळा आहे. मात्र हे सारे दाखले मूल कोण आहे, कोठले आहे, कोणाचे आहे एवढेच सांगतात. त्याने काय केले आणि कसे केले, हे त्यांतील एकही कागद सांगत नाही. चारित्र्याच्या दाखल्यात 'वर्तणूक चांगली आहे' अशी एक ओळ असते खरी. पण आमच्या नोकरीच्या काळात ती आम्ही शेकडो मुलांसाठी लिहिली आणि प्रत्येकासाठी शब्दशः तीच लिहिली.

गेल्या अशोका विजयादशमीच्या सुमारास आमची एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली, तेव्हा या फरकाचा आम्हांस नव्याने विचार करावा लागला. आई अंगणवाडीत मदतनीस, वडील आधी सालगडी आणि पुढे बांधकामावर मजूर. पाचवीपासून दहावीपर्यंत मुलगी आमच्या वसतिगृहात. पुढे शासकीय महाविद्यालयातून ती अभियंता झाली आणि चाकणच्या एका कारखान्यात मालपुरवठ्याच्या विभागात लागली. पाच वर्षे नोकरी झाल्यावर तिने परदेशातील बिझनेस स्कूलमध्ये एमबीएसाठी अर्ज करण्याचे ठरविले. परीक्षेची तयारी झाली होती, निबंध लिहून झाले होते. अडले होते ते एकाच रकान्यापाशी. शिफारस करणाऱ्या दोन व्यक्तींची नावे द्या, असे तेथे लिहिले होते.

"सर, तुम्हीच लिहा ना. तुमच्याइतकं मला कोण ओळखतं?" ती म्हणाली.

शिक्षकाला याहून गोड वाक्य कोणते? तरीही आम्ही अर्जातील सूचना तिच्याकडून दोनदा वाचून घेतल्या आणि तिला नाही म्हटले. त्यामागील कारणे या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावीत, असे आम्हांस वाटते; कारण येत्या काही वर्षांत आपल्या अनेक घरांत हाच प्रश्न उभा राहणार आहे.

प्रथम ही पद्धत समजून घेऊ. आपल्याकडील आयआयएमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची वाट कॅटचे गुण, आजवरचे शिक्षण आणि मुलाखत यांतून जाते. तेथे शिफारसपत्राला सहसा स्थान नसते. म्हणून आपल्या मुलांना त्याची सवय नाही. परदेशातील नामांकित संस्थांत मात्र ते अर्जाचेच एक अंग आहे. हार्वर्ड व स्टॅनफर्ड येथील बिझनेस स्कूल दोन शिफारसपत्रे मागतात. पत्र अर्जदाराने नेऊन द्यावयाचे नसते. त्याने फक्त नाव आणि ई-मेलचा पत्ता कळवावयाचा; संस्था परस्पर त्या व्यक्तीला प्रश्न पाठविते आणि उत्तरे परस्पर तिच्याकडे जातात. अमेरिकेतील १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे; पण शिफारसपत्रापुरता तो हक्क आपण सोडीत आहोत, असे अर्जदार बहुधा आधीच लिहून देतो. म्हणजे आपल्याविषयी काय लिहिले गेले, हे आपल्याला कधीच कळत नाही. ज्याच्या हाती आपण असे न पाहिलेले पत्र सोपवितो, त्याची निवड किती विचाराने करावी लागेल!

आणि प्रश्न तरी कोणते? अनेक संस्थांनी स्वीकारलेल्या समान नमुन्यात मुख्यतः तीन गोष्टी विचारतात. तुमचा अर्जदाराशी कामाचा संबंध काय होता? त्याच्यासारख्याच इतर कुशल माणसांच्या तुलनेत त्याचे काम कसे, हे उदाहरणे देऊन सांगा. आणि तिसरा प्रश्न मोठा मार्मिक आहे: तुम्ही त्याला दिलेली सर्वांत महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती, ती कोणत्या प्रसंगी दिली आणि त्याने ती कशी घेतली?

या तीन प्रश्नांच्या कसोटीवर एकेक नाव घासून पाहावे, असे आम्ही तिला सुचविले. घरातून, वस्तीतून अनेक नावे पुढे आली होती. मामांचे म्हणणे, आमदारसाहेबांचे पत्र घेऊ. त्यांच्या लेटरहेडला वजन आहे. वस्तीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी निवृत्त सनदी अधिकाऱ्यांचे नाव सुचविले. समाजाचे आहेत, नाही म्हणणार नाहीत. दोघांचाही हेतू निर्मळ होता. परंतु आमदारसाहेबांनी मुलीचे काम कधी पाहिले होते? सत्कार समारंभात तिच्या हाती पुष्पगुच्छ देताना एकदा भेट झालेली. सनदी अधिकाऱ्यांनी तिचे नाव ऐकले होते इतकेच. मोठ्या माणसाने लिहिलेले 'ही मुलगी होतकरू आहे' हे वाक्य आणि आमच्या दाखल्यातील 'वर्तणूक चांगली आहे' हे वाक्य यांत सहीखेरीज फरक तो काय?

येथे एक शब्द स्पष्ट केला पाहिजे. आपल्या भाषेत 'वशिला' आणि 'शिफारस' हे शब्द इतके जवळ येऊन बसले आहेत की एक म्हणताना दुसराच ऐकू येतो. वशिल्याची चिठ्ठी देणाऱ्याच्या पदावर चालते. ती कोणासाठी आहे याला महत्त्व नसते. पिढ्यान्पिढ्या या चिठ्ठ्या ज्यांच्या घरांत फिरल्या त्यांत आपली घरे नव्हती. म्हणूनच आपल्या मुलांच्या मनात दोन टोकांच्या भावना असतात. काहींना वाटते, आता आपल्यालाही अशी चिठ्ठी मिळाली पाहिजे. काहींना शिफारस मागणेच अपमानाचे वाटते. गुणांवर मिळेल ते घेऊ, कोणापुढे हात पसरणार नाही, असा त्यांचा बाणा असतो. या दुसऱ्या बाण्याविषयी आम्हांस आदर आहे. पण खरी शिफारस ही भीक नव्हे. ती साक्ष आहे. न्यायालयात साक्षीदाराला त्याचे पद नव्हे, तर त्याने डोळ्यांनी काय पाहिले ते विचारतात. आपल्या वसतिगृहात रोज संध्याकाळच्या वंदनेत धम्माच्या गुणांत 'एहिपस्सिको' हा शब्द येतो. या आणि पाहा. ज्याने येऊन पाहिले आहे, त्यालाच सांगण्याचा अधिकार पोहोचतो.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस या संदर्भात कृष्णराव अर्जुन केळुसकर यांची आठवण येते. केळुसकर गुरुजी हे भीमरावांच्या शाळेतील शिक्षक नव्हते. चर्नी रोडच्या उद्यानात एक मुलगा नेमाने वाचीत बसतो, हे त्यांनी पाहिले. त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा झालेल्या सत्कारात गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा हेच गुरुजी त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी केवळ शब्दावर विसंबून शिष्यवृत्ती दिली नाही. त्यांनी तरुणाला प्रश्न विचारले आणि उत्तरांनी समाधान झाल्यावर दरमहा २५ रुपये मंजूर केले. त्या दिवशी गुरुजींनी दार उघडून दिले आणि उत्तरे बाबासाहेबांनी स्वतः दिली. आणि गुरुजींना दार उघडता आले, कारण बागेत बसून वाचणारा मुलगा त्यांनी वर्षानुवर्षे पाहिला होता.

याहूनही बोधप्रद असे एक उदाहरण आहे. १९२३ साली लंडनमध्ये बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. या प्रस्तावनेत कॅनन यांनी लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, हे उघडपणे नोंदविले. त्याच बरोबर, काही ठिकाणी लेखक अचूक मर्मावर घाव घालतो आणि तो चुकला असे वाटते तेथेही त्याच्या विचारांतील ताजेपणा वाचकाला चेतना देतो, असेही लिहिले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते मिळणार? गोड शब्दांचा हार कोणीही घालतो. आपल्याशी मतभेद असूनही आपल्या कामाची किंमत जाणणारा मनुष्य जे लिहितो, त्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. दोन वर्षांनी, १९२५ साली, बाबासाहेबांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथाला कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना लाभली. हे दोघेही आपापल्या क्षेत्रातील मोठी नावे होती, हे खरे. पण दोघांनीही ज्याच्याविषयी लिहिले, त्याचे काम ओळ न् ओळ वाचलेले होते.

आता आमच्या नकाराचे कारण वाचकांच्या ध्यानात आले असेल. मुलगी दहावीत असताना पहाटे चारला उठून कंदिलाशेजारी गणिते सोडवीत असे, हे आम्ही पाहिले आहे. तिने वसतिगृहाच्या भोजनालयाचा हिशेब एक वर्ष सांभाळला आणि तेलाच्या डब्यांच्या नोंदीतील तफावत शोधून काढली, हेही आम्हांस आठवते. पण बिझनेस स्कूलला हवी आहे ती आजची, नोकरीतली व्यक्ती. कारखान्यात, सहकाऱ्यांत, अडचणीच्या वेळी ती कशी वागते, हे आम्हांस ठाऊक नाही. ज्या काळाचे आम्ही साक्षीदार नाही त्याविषयी आम्ही कितीही प्रेमाने लिहिले, तरी ते प्रेमच ठरेल, साक्ष ठरणार नाही.

मग साक्षीदार कोण? पहिला विचार अर्थातच सध्याच्या वरिष्ठांचा. पण तिला भीती होती. जाण्याचा विचार कळला तर पुढची बढती थांबेल. शिवाय आणखी एक गोष्ट तिने बऱ्याच वेळाने, खाली मान घालून सांगितली. एका एप्रिलमध्ये तिने आपल्या टेबलावर बाबासाहेबांची लहानशी तसबीर ठेवली. त्या दिवसापासून हे वरिष्ठ दुपारच्या जेवणाला तिच्या टेबलाशी येऊन बसेनासे झाले. कोणी काही बोलले नाही. कामात अडथळा आला नाही. फक्त डबा उघडण्याची जागा बदलली. अशा मनुष्याच्या हाती न पाहता येणारे पत्र सोपवावे काय?

आम्ही तिला सांगितले की येथे धैर्याची परीक्षा देण्याचे कारण नाही. अर्ज हा आपला आहे, साक्षीदार निवडण्याचा अधिकारही आपलाच आहे. सध्याच्या वरिष्ठांचे नाव का दिले नाही, हे दोन ओळींत सांगण्याची सोय पुष्कळशा अर्जांत असते. नोकरीवर परिणाम होऊ नये म्हणून, एवढे कारण तेथे पुरते आणि ते खरेही आहे. बंद लखोट्यातला पूर्वग्रह आपल्याला खोडून काढता येत नाही. म्हणून जेथे शंका आहे तेथे, पद कितीही मोठे असो, ते नाव लिहू नये.

विभागाच्या प्रमुखांनी वेगळाच मार्ग दाखविला होता. ते म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." आपल्या देशातील कार्यालयांत हे सर्रास चालते आणि म्हणणाऱ्याला ते औदार्यच वाटते. पण संस्थांनी हे स्पष्टपणे नाकारले आहे. पत्र शिफारस करणाऱ्याने स्वतः लिहिले पाहिजे. आणि नियम बाजूला ठेवला तरी, स्वतःची साक्ष स्वतःच लिहिणे हे मुसावादापासून, असत्य बोलण्यापासून, दूर राहण्याचे शील रोज उच्चारणाऱ्याला शोभणारे नाही. तिने प्रमुखांचे आभार मानले आणि तो विषय तेथेच थांबविला.

शेवटी ज्यांचे नाव तिने निवडले ते तिचे पूर्वीचे वरिष्ठ. ते आता दुसऱ्या कंपनीत आहेत, हुद्दाही फार मोठा नाही. त्यांची निवड का केली, हे तिच्याच अनुभवातून कळेल. कारखान्याच्या फाटकापाशी माल घेऊन येणारे ट्रक तासन्‌तास ताटकळत असत. तिने प्रत्येक पुरवठादाराला वेळ ठरवून देणारे वेळापत्रक तयार केले. पहिल्याच महिन्यात ते कोलमडले. त्या वरिष्ठांनी तिला सुनावले की हे वेळापत्रक कार्यालयात खुर्चीवर बसून केलेले आहे, जरा फाटकावर जाऊन उभी राहा. ती दोन आठवडे फाटकावर उभी राहिली. चालकांशी बोलली. लांबून येणाऱ्यांना घाटातली कोंडी टाळण्यासाठी रात्रीच निघावे लागते, हे तिला तेथे कळले. जवळच्यांसाठी नेमकी वेळ आणि लांबच्यांसाठी सैल वेळ, असे तिने वेळापत्रक पुन्हा बांधले आणि ते टिकले. आता तो तिसरा प्रश्न पाहा: सुधारणेची सूचना कोणती आणि ती कशी घेतली? या प्रश्नाचे उत्तर जगात एकच मनुष्य देऊ शकत होता. ज्याने सुनावले तोच.

दुसरे नाव गुणवत्ता विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे ठरले. वर्षभर एका कामात दोघे बरोबर होते आणि निम्म्या बैठकांत त्यांचे एकमत होत नसे. तिला आधी ते नाव धोक्याचे वाटले. आम्ही तिला कॅनन यांची प्रस्तावना वाचावयास दिली.

एक प्रश्न तिने निरोप घेताना विचारला: या दोघांना आपली पार्श्वभूमी सांगावी काय? आमचे मत असे आहे की आपण कोठून आलो, ही आपली गोष्ट आहे. ती आपल्या निबंधात, आपल्या शब्दांत, ताठ मानेने सांगावी अथवा न सांगावी, ते आपण ठरवावे. शिफारस करणाऱ्याकडून मात्र दया मागू नये. 'गरीब घरची मुलगी आहे, मदत करावी' असे पत्र आले तर ते दोन्ही बाजूंनी अन्यायाचे होते. त्याला आपल्या कामाची उजळणी करून द्यावी. कोणते काम केव्हा केले, त्यातून काय झाले, याचे एक पान आणि आपण हे शिक्षण का घेऊ इच्छितो याची थोडी माहिती. त्यात काहीही गैर नाही. वाक्ये त्याची, स्मरण आपण द्यावे. आणि निदान महिनाभर आधी विचारावे. विचारतानाही "पत्र द्याल का?" असे न विचारता "माझ्या कामाविषयी मनापासून चांगले लिहू शकाल का?" असे विचारावे. समोरचा क्षणभर घुटमळला, तर आभार मानून दुसरे दार ठोठवावे.

तिचे अर्ज रवाना झाले आहेत. या ओळी लिहीत असताना निकाल यावयाचा आहे. प्रवेश मिळाला तर शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीसाठी पुन्हा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला अशी पिशवी भरावी लागेल. त्यात आम्ही तरबेज आहोत. निकाल काहीही लागो, आमच्यापुढे तिने एक मोठा प्रश्न ठेवला आहे. ज्या घरांत काका व्यवस्थापक आणि आत्या प्राध्यापिका असते, तेथे मुलाला साक्षीदार जन्मतःच लाभतात. कोणाला विचारावे, कसे विचारावे, हे जेवणाच्या ताटावर शिकायला मिळते. आपल्या पहिल्या पिढीच्या मुलांना साक्षीदार जोडावे लागतात आणि ते अर्ज भरण्याच्या महिन्यात जोडता येत नाहीत. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, ज्याच्या हाताखाली काम करतो त्याला आपले काम दिसेल असे वागणे, चुकीबद्दल बोलणारा मनुष्य टाळण्याऐवजी त्याच्याजवळ जाणे, नोकरी बदलली तरी संबंध राखणे, हे सारे त्यात आले. मान खाली घालून, कोणाच्या नजरेत न येता काम करीत राहण्याची शिकवण आपल्या आईबापांना परिस्थितीने दिली होती. मुलांनी ती पुढे चालविण्याचे कारण नाही.

शाळेपुरते आम्ही या वर्षीपासून एक काम आरंभिले आहे. आठवीपासून प्रत्येक मुलाची एक वही ठेवतो. भोजनालयाचा हिशेब कोणी सांभाळला, ग्रंथालयाची फाटलेली पुस्तके कोणी बांधली, आजारी मित्राजवळ रात्रभर कोण बसले, कोणाला कशाबद्दल बोलावे लागले आणि त्याने पुढे काय केले, हे त्यात तारखेनिशी लिहितो. उद्या एखाद्या महाविद्यालयाने आम्हांस पत्र मागितले, तर 'वर्तणूक चांगली आहे' यापलीकडे आमच्यापाशी सांगण्यासारखे काही असेल.

आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी कितीतरी जण आज बँकांत, कारखान्यांत, शासकीय कार्यालयांत कोणाचे तरी वरिष्ठ आहात. तुमच्या हाताखालची मुलगी किंवा मुलगा, मग तो कोणत्याही समाजाचा असो, उद्या तुमच्यासमोर संकोचत उभा राहील. त्याला 'तूच लिहून आण' असे म्हणू नका. एक संध्याकाळ काढा, त्याचे काम आठवा, चांगले ते चांगले आणि उणे ते उणे, स्वतःच्या हाताने लिहा. त्याचे नाव घेताना त्याने केलेली एक तरी गोष्ट सांगा.

जयभीम.